म्हाताऱ्या वकिलासमोर विश्वाचा जन्म

स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या 'द फर्स्ट थ्री मिनिट्स' या १९७७ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक म्हातारा वकील आहे. वाइनबर्ग सांगतात, की लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर जो वाचक होता तो असा होता: बुद्धीनं तल्लख, वयानं मुरलेला, भौतिकशास्त्राची भाषा न येणारा, पण मत बनवण्याआधी नीट युक्तिवाद ऐकायला मिळाला पाहिजे असं म्हणणारा. प्रस्तावनेनंतर वकील दिसत नाही. पण पुस्तक वाचताना तो शेजारच्या खुर्चीत बसून आहे, असं मला सतत वाटत राहिलं.

विश्वाच्या उत्पत्तीबद्दल सामान्य वाचकासाठी जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं वाचून मला ज्याची चुकल्याचुकल्यासारखी वाटते, तो हाच वकील. आपल्याकडच्या लेखांचा वाचक एकतर शाळकरी मुलगा असतो, नाहीतर भाविक. मुलाला सांगायचं, की फार फार वर्षांपूर्वी सगळं विश्व एका बिंदूत होतं आणि मग महास्फोट झाला. भाविकाला सांगायचं, की हे आपल्या ऋषींना ठाऊक होतंच. पुरावा मागणारं कुणी समोर बसलंय असं धरून लिहिलेला मजकूर दुर्मीळ. २००८ च्या सप्टेंबरात जिनिव्हाजवळचा महाकाय कणवेगवर्धक सुरू होत होता, तेव्हा वृत्तवाहिन्यांनी त्याला 'बिग बँग मशीन' म्हणत जगबुडीचं घड्याळ लावलं होतं. आज तसं कुणी करत नाही. आज बहुविश्वांवर दीड-दोन तासांचे पॉडकास्ट असतात. मुळातला दोष मला एकच दिसतो: निष्कर्ष वाटले जातात, तिथवर कसं पोचले ते सांगितलं जात नाही.

वाइनबर्ग यांचं पुस्तक सुरू होतं गाईपासून. नॉर्स पुराणातली ही गाय बर्फातलं मीठ चाटते आणि त्यातून हळूहळू देवांचा पूर्वज बाहेर येतो. आपल्याकडे अशा ठिकाणी नासदीय सूक्त येतं. ते इतक्या लेखांच्या आरंभी पाहिलंय, की फोटोला घातलेल्या प्लास्टिकच्या हाराची आठवण होते. खरं तर ते सूक्त प्रश्न विचारतं आणि कुणाला ठाऊक असेल की नाही याचीही शंका घेतं. आपण ते उत्तर म्हणून वापरतो. वाइनबर्ग गाईचं काय करतात ते पाहण्यासारखं आहे. ते तिची टिंगल करत नाहीत आणि तिच्यात विज्ञानही शोधत नाहीत. ही गोष्ट प्रत्येक उत्तरातून नवे प्रश्न उभे करते, असं म्हणून ते पुढे जातात. आणि त्याच प्रकरणात कबूल करतात, की पहिल्या तीन मिनिटांबद्दल जणू आपल्याला खरंच माहीत असल्यासारखं लिहिताना आपल्यालाही हे सगळं अवास्तव वाटतं.

पुस्तकाचं नाव 'पहिली तीन मिनिटं' असलं तरी गोष्ट शून्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते सेकंदाचा शंभरावा भाग उलटल्यावर, तापमान दहा हजार कोटी अंश असताना. त्याआधीचं का नाही? कारण त्याआधी जे कण अस्तित्वात असतील त्यांचं गणित मांडण्याइतकी खात्री तेव्हा वाइनबर्गना नव्हती. ज्या माणसानं मूलकणांच्या सिद्धांतासाठी दोनच वर्षांनी नोबेल घेतलं, त्यानं आपल्याच विषयाच्या दारात ही रेघ मारली. मला हे पुस्तकातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. ती रेघ ओलांडणारं एक प्रकरण पुढे येतं, पण तिथं ते तर्क आणि ज्ञान वेगवेगळ्या ताटांत वाढतात.

मधलं प्रकरण चित्रपटासारखं चौकटी-चौकटींनी सरकतं. इथं मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण विश्वाच्या उत्पत्तीचा 'अभ्यास' म्हणजे नेमकं काय करणं, ते इथं कळतं. प्रत्येक चौकटीत एक आकडा बदलतो: अणुकेंद्रातल्या कणांपैकी न्यूट्रॉन किती टक्के. पहिल्या चौकटीत निम्मे. एका दशांश सेकंदाच्या आसपास ३८ टक्के. एक सेकंद झाल्यावर २४. मग १७, मग १४. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड असतो, म्हणून विश्व निवत जातं तसं न्यूट्रॉनचं प्रोटॉन होणं सोपं आणि उलटं होणं अवघड होतं. शिवाय मोकळा न्यूट्रॉन टिकत नाही. सरासरी पंधराएक मिनिटांत मोडतो. त्यामुळे ही शर्यत आहे. उरलेले न्यूट्रॉन मोडून संपायच्या आत केंद्रकं जुळायला हवीत, पण त्यासाठी आधी ड्युटेरियम टिकायला हवं, आणि उष्णता असेपर्यंत ते टिकत नाही. वाइनबर्ग यांच्या हिशेबात ते तीन मिनिटं सेहेचाळीस सेकंदांनी टिकू लागतं. तेव्हा न्यूट्रॉन १३ टक्के उरलेले असतात. ते जवळजवळ सगळे तेवढ्याच प्रोटॉनना घेऊन हेलियममध्ये जातात, म्हणून विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वस्तुमानात हेलियम याच्या दुप्पट, सुमारे २६ टक्के. संपलं. तेरा दुणे सव्वीस. वकिलाला हा हिशेब तपासता येतो.

आणि तो आजच्या आकाशात पडताळता येतो, हे महत्त्वाचं. विश्वाची पहिली तीन मिनिटं कुणालाही दिसणार नाहीत. सुमारे ३,८०,००० वर्षांपर्यंत विश्व प्रकाशाला अपारदर्शक होतं, त्याअलीकडचंच काय ते दुर्बिणीला दिसू शकतं. पण हेलियम त्या पडद्यापलीकडून आलेलं आहे. ताऱ्यांमध्येही हेलियम बनतं, त्यामुळे मूळचं किती आणि नंतरची भर किती हे वेगळं काढावं लागतं. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञ अशा छोट्या दीर्घिका शोधतात, जिथं ऑक्सिजनसारखी ताऱ्यांत शिजलेली मूलद्रव्यं अगदी थोडी आहेत. ऑक्सिजन जसजसा कमी, तसतसं हेलियम किती, असा आलेख काढून तो शून्य ऑक्सिजनपर्यंत मागे न्यायचा. उत्तर पावशेराच्या जवळपास येतं, शेरात पाव या अर्थानं. ड्युटेरियमचं तर याहून बरं: तारे ते जाळतात, म्हणण्यासारखं बनवत नाहीत. म्हणजे जे आहे ते जुनंच. अतिदूरच्या क्वासारचा प्रकाश वाटेतल्या वायूतून येतो तेव्हा त्याच्या वर्णपटात ड्युटेरियमची खूण उमटते. हायड्रोजनच्या एक लाख अणूंमागे अडीचेक.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाची गोष्ट सांगायला हवी. किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्यां'वरून १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला, असं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं, १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिवसही साजरा होतो. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा दिसली ती भारतातूनच, पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हते. त्यांनी ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय पाहिली. विजयदुर्गावर ते आले १८९८ च्या जानेवारीत, वेगळ्या ग्रहणासाठी. कट्टे खरे, साहेब खरा, तारीख तेवढी तीस वर्षांनी सरकलेली. किल्ल्याचं महत्त्व यानं कमी होत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीची, कागदपत्रं शाबूत असलेली घटना जर अशी सरकत असेल, तर १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल साक्षीदार किती कडक तपासावे लागत असतील, याचा अंदाज येतो.

मोकळा न्यूट्रॉन किती टिकतो, हा आकडा वर सहज येऊन गेला. तो मिळवायचे दोन मार्ग आहेत. एकात अतिथंड न्यूट्रॉन बाटलीसारख्या सापळ्यात कोंडतात आणि ठरावीक वेळानं किती उरले ते मोजतात. उत्तर येतं सुमारे ८७८ सेकंद. दुसऱ्यात न्यूट्रॉनचा झोत सोडतात आणि त्यातून किती प्रोटॉन निपजले ते मोजतात; उत्तर येतं सुमारे ८८८. हा दहाएक सेकंदांचा फरक दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या त्रुटींच्या मर्यादेत बसत नाही. हेलियमच्या अंदाजात यानं फार मोठा फरक पडत नाही, पण पडतो. मला यात गंमत वाटते ती अशी, की विश्वाच्या जन्माविषयीची एक नोंद पृथ्वीवरच्या एका बाटलीत अडकलेली आहे. उत्पत्तीचा अभ्यास करणारे सगळे आकाशाकडे पाहत असतात हा आपला समज लेखांच्या सोबत छापलेल्या चित्रांमुळे झालेला आहे.

उलट दिशेनंही वाट आहे. हेलियमचं प्रमाण न्यूट्रिनोचे प्रकार किती यावरही अवलंबून असतं; प्रकार जास्त, तर विश्व जास्त वेगानं प्रसरण पावतं आणि न्यूट्रॉन जास्त उरतात. सत्तरच्या दशकात या मार्गानं शास्त्रज्ञांनी प्रकारांच्या संख्येवर मर्यादा घातली. पुढे १९८९ मध्ये सर्नच्या जुन्या कणवेगवर्धकानं स्वतंत्रपणे मोजलं: तीन. आकाशातून काढलेला अंदाज भुयारातल्या यंत्राशी जुळला. महास्फोटाच्या बाजूचा हा साक्षीपुरावा मला तरी सगळ्यांत जास्त पटणारा वाटतो आणि मराठी लेखांत तो क्वचितच दिसतो. तिथं हबल, फुगा आणि फुग्यावरचे ठिपके यापुढे गाडी जात नाही.

'महास्फोट' या शब्दानंही आपलं नुकसान केलंय. स्फोट म्हटला की जागा आली, आवाज आला, बाहेर मोकळं आवार आलं. यातलं काहीच सिद्धांतात नाही. (भर्तृहरीचा स्फोट, म्हणजे अर्थ उलगडणं, यापेक्षा जवळचा होता, पण तो शब्द आता फटाक्यांच्या गोदामातून परत मिळायचा नाही.) इंग्रजीतलं नाव १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात दिलं ते फ्रेड हॉइल यांनी, आणि तो सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. पण १९६४ साली रॉजर टेलर यांच्याबरोबर, उष्ण आरंभ झाला असता तर किती हेलियम बनलं असतं, याचा हिशेब करून छापला तोही हॉइल यांनीच. प्रतिपक्षाच्या वकिलानं स्वतः उलटतपासणी करून विरुद्ध बाजूचा पुरावा नोंदवावा, असं हे. वाइनबर्ग यांच्या पुस्तकात या विरोधी पक्षाला, म्हणजे स्थिर-स्थिती सिद्धांताला, फार थोडी जागा आहे. निकाल लागलेला खटला म्हणून त्यांनी ती दिली नसावी. पण म्हाताऱ्या वकिलाला दुसरी बाजू ऐकायला आवडली असती, असं माझं म्हणणं आहे.

मराठी वाचकाला ती दुसरी बाजू आयती मिळाली. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल आपल्याला ज्यांनी मराठीतून सर्वांत जास्त शिकवलं, ते जयंत नारळीकर महास्फोट न मानणारे होते. हॉइल यांचे विद्यार्थी आणि नंतर सहकारी. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीचं नवं प्रारूप मांडलं. २००४ मध्ये एकाच सिद्धांताला सगळा निधी आणि दुर्बिणींचा सगळा वेळ मिळतो, याविरुद्ध जे जाहीर पत्र निघालं त्यावर त्यांची सही होती. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हाच्या मृत्युलेखांत 'महास्फोटाला आव्हान देणारा मराठी माणूस' हा सूर ऐकू आला. आव्हान कशाच्या आधारावर होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे सांगणं जणू अशुभ होतं.

आधार होता. त्यांचा एक मुद्दा असा: विश्वातलं सगळं हेलियम ताऱ्यांत बनलं असं धरलं, तर त्यातून जेवढी ऊर्जा बाहेर पडली असती ती सगळी विरून सर्वत्र पसरली, तर तिचं तापमान तीन अंश केल्व्हिनच्या जवळपास येतं. आणि आकाशभर पसरलेल्या मायक्रोवेव्ह प्रारणाचं तापमान नेमकं तेवढंच आहे. महास्फोटवाल्यांना हा योगायोग मानावा लागतो. प्रश्न चांगला आहे. पण ताऱ्यांचा प्रकाश असा विरघळवायचा कुणी? त्यासाठी त्यांनी अंतराळात लोखंडाच्या सूक्ष्म सुया मानल्या, स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांतून बाहेर पडलेल्या. १९९० मध्ये कोबी उपग्रहानं त्या प्रारणाचा वर्णपट दाखवला तो इतका निर्दोष होता, की मापनातली त्रुटी आलेखाच्या रेषेच्या जाडीत लपत होती. निरनिराळ्या ठिकाणच्या सुयांनी इतकं एकजिनसी काम करावं, हे मानणं जड जातं. त्या प्रारणातल्या किंचित उष्ण-थंड डागांचा ठरावीक आकार महास्फोटाच्या बाजूनं सत्तरच्या दशकाच्या आरंभीच गणितात मांडलेला होता. तो २००० सालच्या आसपास दिसला. नारळीकरांच्या गटानं नंतर आपल्या प्रारूपातही ते डाग बसवून दाखवले. आधी सांगणं आणि नंतर बसवणं यांतला फरक कोर्टात पुरेसा असतो.

माझ्या मते नारळीकरांचं प्रारूप टिकलं नाही, आणि असं स्पष्ट म्हणण्यानं त्यांचा मान कमी होत नाही. मूळ स्थिर-स्थिती सिद्धांत ठाम होता: विश्व सर्व काळी सारखंच दिसलं पाहिजे. म्हणूनच मार्टिन राइल यांना १९६१ मध्ये रेडिओस्रोतांची मोजदाद करून त्यावर घाव घालता आला. ज्याला खोटं ठरवता येतं असं काही बोलणं ही हिंमत आहे. नंतरच्या प्रारूपात ती धार राहिली नाही, ही माझी तक्रार. मात्र नारळीकरांचं नाव घेऊन 'विज्ञानालाही काही ठाऊक नाही' असं म्हणणाऱ्यांनी आठवावं, की याच माणसानं २००८ मध्ये पुण्यात ज्योतिष्यांसमोर दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका ठेवून त्यांचं भाकीत संख्याशास्त्रावर घासून पाहिलं होतं. नाणं उडवून जेवढं साधतं त्यापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. त्यांचा संशय सरसकट नव्हता, प्रत्येक ठिकाणी तो मोजमाप मागत होता.

वाइनबर्ग यांच्या पुस्तकातलं मला सर्वांत प्रिय प्रकरण गोष्ट थांबवून इतिहासाकडे वळतं. आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात १९६५ च्या सुमारास जी न जाणारी खरखर ऐकू आली, तिचा शोध आधीच कुणी का घेतला नाही, असा प्रश्न ते विचारतात. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच पाच अंश केल्व्हिनचा अंदाज छापला होता. कबुतरांची घरटी काढून, त्यांची घाण पुसूनही खरखर राहिली तेव्हा कुठं पेन्झियस-विल्सन जोडीला प्रिन्स्टनच्या गटाकडून तिचा अर्थ कळला. मधली सतरा वर्षं? वाइनबर्ग कारणं देतात: गॅमोव्हच्या मंडळींना सगळीच मूलद्रव्यं आरंभी शिजवायची होती आणि ते जमत नव्हतं, त्यामुळे पूर्ण कल्पनेवरचाच विश्वास उडाला, सिद्धांतवाले आणि प्रयोगवाले एकमेकांशी बोलत नव्हते. पण खरं कारण त्यांच्या मते वेगळं आहे. आपण कागदावर मांडतो ती समीकरणं खरोखरच्या जगाबद्दल आहेत, यावर भौतिकशास्त्रज्ञांचाच पुरेसा विश्वास बसत नाही.

हे वाचून मान डोलावली जाते. पण त्याची दुसरी बाजू २०१४ मध्ये दिसली. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटानं १७ मार्चला जाहीर केलं, की विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींची खूण प्रारणाच्या ध्रुवीकरणात सापडली आहे. सिद्धांतकार आंद्रेई लिंडे यांच्या दारात शॅम्पेन घेऊन गेलेल्या सहकाऱ्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. वर्ष उलटायच्या आत प्लँक उपग्रहाच्या माहितीशी ताडून पाहिलं, तेव्हा खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. गटाकडे १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारितेचं सशक्त मोजमाप होतं आणि धुळीचा अंदाज तोकडा होता. इथं सिद्धांत गांभीर्यानं घेतला गेला नाही असं नव्हतं. तो फारच घेतला गेला. या प्रयोगमालिकेत सुरुवातीपासून असलेल्या ब्रायन कीटिंग यांनी २०१८ मध्ये 'लूजिंग द नोबेल प्राइझ' हे पुस्तक लिहिलं. ते पुरस्काराच्या हव्यासावर बोट ठेवतं, तेवढ्यापुरतं प्रामाणिक आहे, पण धूळ कशी ओळखली गेली यापेक्षा मनं कशी दुखावली हे त्यात अधिक लक्षात राहतं.

वाइनबर्ग यांचं पुस्तक ज्यासाठी सर्वाधिक उद्धृत होतं, ते शेवटचं पान मला पुस्तकातलं सर्वांत कच्चं वाटतं. विश्व जितकं समजत जातं तितकं ते निरर्थक भासतं, अशा आशयाचं ते विधान विमानाच्या खिडकीतून बाहेर पाहताना केलेलं आहे. खंत खरी असेल, पण तिला पुरावा जोडलेला नाही. म्हाताऱ्या वकिलानं ती नोंद वहीतून वगळायला सांगितली असती. पुस्तकाचं खरं बळ त्याच्या जिवंत राहिलेल्या आकड्यांत आहे. १९९३ च्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणानंतरही जग पुढे गेलं, तरी त्या न्यूट्रॉनच्या टक्केवारीत फारसा फरक पडलेला नाही.

एक आकडा मात्र अजून जुळत नाही, आणि तो लेखांत आला पाहिजे असं मला फार वाटतं. ज्या हिशेबातून हेलियम आणि ड्युटेरियम बरोबर येतात, त्याच हिशेबातून लिथियम-७ सुमारे तिप्पट येतं. आपल्या आकाशगंगेतल्या अतिशय जुन्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर मोजलं तर ते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच भरतं. काहींच्या मते ताऱ्यांनी ते पोटात खोल ओढून घेतलं असावं, काही अजून न सापडलेल्या कणांकडे बोट दाखवतात. अणुकेंद्रांच्या अभिक्रियांचे दर पुन्हा मोजून पाहिले, त्यातून हे अंतर भरून निघालं नाही.